वॉशिंग्टन हॉलमधली सकाळ: लेन बायस प्रकरणाचा अभ्यास

१९ जून १९८६, गुरुवार. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क इथल्या आवारातलं 'वॉशिंग्टन हॉल' नावाचं वसतिगृह. सकाळी साडेसहाच्या सुमारास तिथल्या एका खोलीत बावीस वर्षांचा मुलगा झटके येऊन कोसळला. ६ वाजून ३२ मिनिटांनी त्याच्या मित्रानं ९११ ला फोन लावला. हा लेन बायस आहे, याला परत जिवंत करा, हा मरता कामा नये, अशा आशयाचं तो घाबऱ्याघुबऱ्या सांगत राहिला. रुग्णवाहिका काही मिनिटांतच पोचली. रिव्हरडेल इथल्या रुग्णालयात डॉक्टरांनी बराच वेळ शर्थ केली, पण नऊ वाजायच्या आत त्याला मृत घोषित करावं लागलं. कारण निघालं कोकेन.

दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी, न्यूयॉर्कमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू निवडीत बोस्टन सेल्टिक्सनं त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं होतं. सेल्टिक्स त्या महिन्यातच विजेते ठरले होते, म्हणजे देशातला सर्वोत्तम संघ. सहा फूट आठ इंच उंचीचा हा मुलगा आपल्या अटलांटिक कोस्ट विभागात सलग दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला त्यांच्याच नव्या मैदानावर हरवताना त्यानं एकट्यानं ३५ गुण केले होते. बुधवारी तो वडिलांबरोबर बोस्टनला जाऊन आला, बुटांच्या कंपनीशी कराराची बोलणी झाली आणि रात्री तो वसतिगृहावर परतला. घर तिथून जवळच, लँडोव्हरला.

हे प्रकरण मी का निवडलं ते आधी सांगते. मी महाविद्यालयात शिकवते आणि वसतिगृहाच्या समितीवर आहे. समितीत अमली पदार्थांचा विषय निघाला की दहा मिनिटांत चार सूचना येतात. अचानक लघवीच्या चाचण्या घ्या. सापडेल त्याला काढून टाका. पोलीस अधिकाऱ्यांचं व्याख्यान ठेवा. जिन्यात पोस्टरं लावा. सगळेजण तळमळीनं बोलत असतात, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण अशाच एका व्याख्यानानंतर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मागे रेंगाळला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, समजा एखाद्यानं काही घेतलं आणि तो पडला, तर मी फोन केल्यावर माझं काय होईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी या चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रकरणापर्यंत पोचले. आमच्या समितीतली जवळजवळ प्रत्येक सूचना तिथे आधी किंवा नंतर अमलात आली होती, आणि तिचं पुढे काय झालं हे आज दिसतं.

त्या खोलीत

खोलीत बायससह चौघं होते: दोन सहकारी खेळाडू आणि एक मित्र. मध्यरात्रीनंतर कधीतरी पूड बाहेर निघाली आणि पहाटेपर्यंत ते ती नाकावाटे ओढत होते. निवडीचा आनंद साजरा करणं चाललं होतं.

शवविच्छेदनानंतर वैद्यकीय तपासनिसांनी मृत्यूचं कारण सांगितलं: कोकेनमुळे हृदयाची लय बिघडली. पहिले काही दिवस वर्तमानपत्रांतून "त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं" अशी वदंता पसरली आणि आजही अनेकांच्या मनात तीच आहे. पुढे सहकाऱ्यांच्या साक्षींतून आलं की आधीही घेतलं होतं. 'पहिल्याच वेळी मेला' ही गोष्ट भीती घालायला सोयीची म्हणून ती टिकली. पण माझ्या मते खरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. आधी घेऊन काही झालं नव्हतं, म्हणूनच त्या रात्री कुणी थांबलं नाही.

कोकेन हृदयाला दोन बाजूंनी पकडतं. एकीकडे ते शरीरातल्या ॲड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचं परत शोषण थांबवतं, त्यामुळे ठोके आणि रक्तदाब चढतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकसतात. म्हणजे हृदयाला जास्त रक्त हवं असतं तेव्हाच ते कमी मिळतं. दुसरीकडे ते हृदयाच्या पेशींमधले सोडियमचे मार्ग अडवतं, त्यामुळे ठोक्याचा विजेसारखा संदेश नीट पुढे जात नाही. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला जे इंजेक्शन देतात तेही सोडियमचे मार्गच अडवतं, आणि कोकेन हेच वैद्यकातलं पहिलं स्थानिक भूल देणारं औषध होतं. वय, व्यायाम, कमावलेलं शरीर यातलं काहीच इथे ढाल ठरत नाही. सोबत दारू असेल तर यकृतात दोन्ही मिळून कोकाइथिलीन नावाचा तिसरा पदार्थ तयार होतो, तो जास्त वेळ टिकतो आणि हृदयाला आणखी घातक असतो. पार्टीत हे दोन्ही बहुधा एकत्रच असतात, म्हणून मुलांना हे सांगायलाच हवं.

आधी काय दिसत होतं

निवडीच्या आधीच्या आठवड्यांत एनबीएच्या काही संघांनी त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्या स्वच्छ आल्या. यात आश्चर्य काहीच नाही. कोकेनचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवसच सापडतो. चाचणी कधी आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो चार दिवस थांबतो. शिवाय अलीकडची कृत्रिम रसायनं नेहमीच्या चाचणी-पट्टीवर दिसतच नाहीत. चाचणीनं आई-वडिलांना आणि संस्थेला झोप लागते, एवढाच तिचा हमखास परिणाम.

दुसरं जे दिसत होतं ते कागदावर होतं. चार वर्षं पूर्ण झाली तेव्हा बायस पदवीपासून २१ क्रेडिट मागे होता. शेवटच्या सत्रात काही विषयांत तो नापास झाला होता, काही त्यानं सोडून दिले होते. म्हणजे निदान जानेवारीपासून हा विद्यार्थी वर्गात नव्हता. हजेरीपत्रकात ते नोंदलेलं असणार, आणि तरी कुणाला विचारावंसं वाटलं नाही, कारण मैदानावर तो ३५ गुण करत होता.

इथे मी जरा थांबते, कारण शिक्षक म्हणून ही जागा मला सर्वांत जास्त टोचते. मुलगा व्यसनात अडकला की डोळे लाल होतील, दंडावर खुणा दिसतील, असं आपण समजतो. प्रत्यक्षात कॉलेजात पहिल्यांदा दिसतं ते हजेरीत. सकाळचे तास बुडतात, अंतर्गत परीक्षेला नेमका तोच दिवस 'तब्येत बरी नव्हती' असतो, मेसचं बिल थकतं, जुने मित्र बदलतात, घरून मागवलेले पैसे आणि खर्च यांचा मेळ बसत नाही. यातलं एकेक सुटं काहीच सांगत नाही. ही लक्षणं नैराश्याचीही असतात, घरच्या अडचणींचीही असतात, प्रेमभंगाचीही. पण तिन्ही बाबतींत एकच गोष्ट करायची असते: त्या मुलाला बोलावून, दार लावून, विचारायचं. आपण पंचाहत्तर टक्क्यांची यादी फलकावर लावतो आणि नाव आलं की हमीपत्र लिहून घेतो. विचारत नाही.

नंतरची पळापळ

मृत्यूनंतर विद्यापीठ हादरलं. कुलपती जॉन स्लॉटर यांनी खेळाडूंचा अभ्यास आणि अमली पदार्थांचं धोरण तपासायला समित्या नेमल्या. ऑक्टोबरपर्यंत क्रीडा संचालक आणि सतरा वर्षं संघ घडवणारे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल या दोघांनी पद सोडलं. त्या सकाळी खोली आवरायला, म्हणजे पदार्थांच्या खुणा नाहीशा करायला, ड्रिझेल यांनी सांगितल्याचा आरोप झाला. ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, त्यांच्यावर आरोपपत्र ठेवलं नाही. कोकेन पुरवल्याचा खटला मित्रावर चालला, १९८७ मध्ये तो निर्दोष सुटला.

खोली आवरण्याचा तो मुद्दा मी कुणा एका माणसाला दोष द्यायला सांगत नाही. संस्थेत काही वाईट घडलं की पहिला हात झाडूकडे जातो, हे आपल्याकडेही तसंच आहे. नाव खराब होईल, प्रवेश कमी होतील, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली आहे. आणि ज्या संस्थेला आपलं नाव आधी वाचवायचं असतं तिथले विद्यार्थीही तेच शिकतात: आधी खोली साफ करायची, मग फोन.

बायसच्या मृत्यूनंतर आठ दिवसांनी, २७ जूनला, क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा फुटबॉलपटू डॉन रॉजर्स कोकेननंच गेला. देशभर संताप उसळला. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष टिप ओनील बोस्टनचे होते, आणि बोस्टनमध्ये तेव्हा घराघरात बायसचंच नाव होतं. निवडणुका नोव्हेंबरात होत्या. एरवी ज्या अमली पदार्थविरोधी कायद्यावर वर्षभर सुनावण्या झाल्या असत्या, तो काही आठवड्यांत तयार झाला. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली.

या कायद्यानं किमान शिक्षा ठरवून टाकल्या. पाच ग्रॅम 'क्रॅक' विकण्यासाठी बाळगलं तर किमान पाच वर्षं तुरुंगवास, तीच शिक्षा पूड स्वरूपातल्या कोकेनसाठी ५०० ग्रॅमला. दोन्ही एकच रसायन. क्रॅक म्हणजे कोकेनचे ओढायचे खडे. एकास शंभर हे प्रमाण कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेलं नव्हतं. क्रॅक गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांत विकलं जायचं. पुढच्या वर्षांत या कलमांखाली शिक्षा झालेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक राहिलं. बायस स्वतः कृष्णवर्णीय होता, आणि त्यानं घेतली होती ती पूड. क्रॅकचा त्याच्या मृत्यूशी संबंधच नव्हता. त्याच्या नावानं झालेल्या कायद्यानं त्याच्याच वयाची, त्याच्याच वस्तीतली हजारो मुलं आत घातली.

कायद्याचा मसुदा करण्यात सहभागी असलेले संसदीय समितीचे वकील एरिक स्टर्लिंग यांनी नंतरचं आयुष्य हाच कायदा बदलण्यासाठी घालवलं. शंभराचं प्रमाण २०१० मध्ये अठरावर आलं, आणि आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा फायदा मिळायला २०१८ उजाडलं.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं यापुढचं पाऊल तितकंच महत्त्वाचं आहे. १९८९ मध्ये प्रत्येक महाविद्यालयाला अमली पदार्थांविरुद्धचं धोरण दरवर्षी विद्यार्थ्यांना लेखी देणं सक्तीचं झालं. १९९८ मध्ये आणखी एक कलम आलं: अमली पदार्थ बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याची सरकारी शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज बंद, पहिल्या वेळी एक वर्ष, दुसऱ्या वेळी दोन, तिसऱ्या वेळी अनिश्चित काळ. श्रीमंत घरातल्या मुलाला यानं काही फरक पडत नव्हता, त्याची फी बाप भरत होता. ज्याचं शिक्षण शिष्यवृत्तीवर चाललं होतं तोच बाहेर फेकला जायचा. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या सुधारणेनं हे कलम काढलं, म्हणजे मधे बावीस वर्षं गेली. शिक्षण सुटलेला मुलगा व्यसनातून बाहेर येण्याची शक्यता वाढते की कमी होते, हा प्रश्न १९९८ मध्ये विचारता आला असता.

मग भीतीनं काहीच झालं नाही का?

झालं, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मिशिगन विद्यापीठातून दरवर्षी अमेरिकेतल्या तरुणांची एक मोठी पाहणी होते. १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे १७ टक्के जणांनी वर्षभरात कोकेन घेतल्याचं सांगितलं होतं. १९९१ पर्यंत हा आकडा चार टक्क्यांच्या आत आला. शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना "एक-दोनदा कोकेन घेऊन बघण्यात मोठा धोका आहे का" असं विचारलं, तेव्हा 'हो' म्हणणारे १९८६ मध्ये सुमारे ३४ टक्के होते आणि एकाच वर्षात ४८ टक्के झाले. पाहणी करणाऱ्यांनी या घसरणीचा संबंध धोक्याच्या या वाढलेल्या जाणिवेशीच जोडला, आणि त्या जाणिवेत बायस आणि रॉजर्स यांच्या मृत्यूंचा वाटा मोठा मानला.

पण यातून 'घाबरवा म्हणजे झालं' असं काढणं चूक आहे. मुलं बदलली ती एका खऱ्या, ओळखीच्या, आपल्यासारख्या मुलाच्या खऱ्या मृत्यूमुळे. त्याच काळात शाळाशाळांत पोलीस अधिकाऱ्यांची व्याख्यानमाला जोरात होती, 'डेअर' नावाची, १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली. तिच्यावर पैसा आणि वेळ अफाट गेला. १९९० च्या दशकातल्या आणि नंतरच्या मूल्यमापनांत तिचा प्रत्यक्ष वापरावरचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मुलांना खरी माहिती पटते. जे फुगवून सांगितलेलं असतं ते त्यांना लगेच कळतं, आणि मग आपण सांगितलेलं खरंही ती ऐकत नाहीत. गांजाच्या एका झुरक्यानं वेड लागतं असं आपण म्हटलं आणि शेजारच्या खोलीतला मुलगा गांजा ओढून पहिला आला, की एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाबद्दल, आपण जे म्हणू तेही गेलं.

आणखी एक, फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट त्याच १९८६ सालातली आहे. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन संशोधकांनी एका महाविद्यालयात दारूबद्दल विचारलं. विद्यार्थ्यांना इतर जण जितकं पितात असं वाटत होतं, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात कितीतरी कमी पीत होते. 'सगळेच करतात' हे खोटं निघालं. तरी प्रत्येकजण त्या खोट्याच्या बरोबरीला यायला धडपडत होता. आपण पोस्टरवर 'तरुणाई व्यसनाच्या विळख्यात' असं लिहितो तेव्हा नेमकं हेच खोटं छापतो. जो मुलगा घेत नाही त्याला वाटतं, आपणच मागे राहिलो.

तोच पावसाळा, येरवडा

बायसच्या मृत्यूनंतर एकाहत्तर दिवसांनी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण प्रश्न एकच होता, म्हणून मला त्या शेजारीशेजारी ठेवाव्याशा वाटतात.

त्या वर्षांत पुण्या-मुंबईच्या मुलांपर्यंत ब्राउन शुगर पोचली होती, म्हणजे अशुद्ध हेरॉईन. तिला नाव पडलं होतं गर्द, आणि ते ओढणाऱ्याला गर्दुल्ला. अनिल अवचटांच्या एका मित्राचा मुलगा त्यात सापडला. अवचट त्याच्यामागे हिंडले, मुलांशी बोलले, लिहीत गेले. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. डॉ. सुनंदा अवचट त्याच मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या, त्यांनी काम उभं केलं. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे कार्यकर्ते झाले. आलेल्या माणसाला कैदी किंवा गुन्हेगार न समजता आजारी माणूस समजायचं, हा तिथला पाया होता.

एकाच वर्षी एका देशात एका मुलाच्या दुःखातून तुरुंगाचं कलम निघालं आणि आपल्या गावात दुसऱ्या एका मुलाच्या दुःखातून उपचाराचं दार. हे आपल्या मातीत आहे. आपल्या महाविद्यालयांना ते परकं का वाटावं, हे मला समजत नाही.

आपला कायदाही तेव्हा कठोरच होता. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, बायसच्या आधीचा. पण त्यातच पुढे ६४-अ हे कलम आलं, आणि ते दहापैकी नऊ प्राध्यापकांना ठाऊक नसतं असा माझा अनुभव आहे. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असेल आणि ती आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाली, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम २७ खाली सेवनासाठी पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे, हे आपण व्याख्यानात ठासून सांगतो. ६४-अ सांगत नाही. म्हणजे भिंत दाखवतो आणि भिंतीतलं दार लपवतो.

आमच्या वसतिगृहापुरतं

आज आपल्याकडे चिंता एमडीची आहे, मेफेड्रोनची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं, तेव्हा हे दूर कुठून तरी येत नाही, आपल्या शेजारीच बनतं, हे सगळ्यांना कळलं. फेब्रुवारी २०१५ पर्यंत हा पदार्थ एनडीपीएसच्या यादीतच नव्हता. कोकेनसारखंच तेही हृदय पळवतं, अंग तापवतं, झोप उडवतं, आणि उतरताना माणसाला इतकं खाली टाकतं की पुन्हा घेतल्याशिवाय राहवत नाही. परीक्षेच्या दिवसांत 'जागायला' म्हणून घेणारे असतात, आणि वजन कमी करायला घेणाऱ्या मुलीही असतात. आपल्या व्याख्यानांत हे दोन्ही कधी येत नाही. तिथे फक्त पार्टी असते.

वॉशिंग्टन हॉलच्या त्या सकाळीच आमचा पहिला मुद्दा मिळतो: पडलेल्या मुलाच्या शेजारी बसलेल्या मुलाला काय करायचं हे माहीत असलं पाहिजे. झटके येत असतील तर आवळून धरायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. आसपासच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, झटका थांबला की कुशीवर वळवायचं म्हणजे उलटी घशात जात नाही. अंग भाजत असेल तर कपडे सैल करायचे, वारा घालायचा. छातीत दुखणं, हाक मारूनही न उठणं, घरघर, ओठ निळे पडणं, यातलं काहीही दिसलं तर 'झोपू दे, उतरेल' म्हणून खोलीचं दार ओढून घ्यायचं नाही. १०८ ला फोन. श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. डॉक्टरांना खरं सांगायचं, काय घेतलं आणि साधारण कधी. छाती दाबण्याचं हे प्रशिक्षण दोन तासांत होतं, बाहुलीवर करून घ्यायचं असतं. एनएसएसच्या शिबिरात एक दुपार काढली तर शंभर मुलं तयार होतात.

पण हात तयार असले तरी फोन लागेलच असं नाही. त्या मुलाचा प्रश्न इथेच उभा राहतो.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं २००२ पासून असा नियम केला की अतिसेवनानं कुणी अत्यवस्थ झालं आणि मित्रानं मदत बोलावली, तर दोघांवरही विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई नाही. पण नंतर समुपदेशनाला यावं लागेल. मदतीचे फोन वाढले. त्याहून मोलाचं म्हणजे, नंतर समुपदेशनाला येणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. हा नियम मुख्यतः दारूसाठी होता. पुढे बऱ्याच विद्यापीठांनी आणि राज्यांनी तो इतर पदार्थांना लावला, खुद्द मेरीलँड विद्यापीठानंही. बायसला जाऊन तेव्हा दोन दशकं उलटली होती.

आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं १३४-अ कलम संरक्षण देतं. अमली पदार्थांनी पडलेल्या मित्रासाठी १०८ ला फोन करणाऱ्याला असं कलम नाही. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं. त्यामुळे 'तुला काहीच होणार नाही' असं मी त्या मुलाला म्हणू शकत नाही, आणि खोटं आश्वासन मला द्यायचं नाही. पण महाविद्यालयाच्या हातात जे आहे ते महाविद्यालय नक्की ठरवू शकतं: वसतिगृहातून काढणं, निलंबन, दाखल्यावरचा शेरा, घरी जाणारं पत्र. हे चारही मुलांना पोलिसांइतकेच भीतिदायक वाटतात. घरी जाणारं पत्र तर जास्तच. बीड-नांदेडच्या खेड्यातून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलीला विचारून बघा.

दुसरा मुद्दा हजेरीचा. हजेरी घसरली की फलकावर नाव लावण्याआधी मार्गदर्शक शिक्षकानं एक भेट घ्यायची, आरोप न करता, पंधरा मिनिटांची. वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी दारू पिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन भेटींची पद्धत बसवली होती. उपदेश नाही; त्याच्या वापराची त्याच्याचकडून नोंद घ्यायची, इतर विद्यार्थी खरोखर किती पितात ते शेजारी ठेवायचं, आणि त्याला स्वतःला काय बदलावंसं वाटतं ते विचारायचं. एवढ्यानं पिणं कमी होतं असं अनेक चाचण्यांतून दिसलं. आपल्या शिक्षकांना हे शिकवायला मानसशास्त्र विभागातली माणसं आपल्याकडेच असतात.

तिसरा, परत येणाऱ्याचा. उपचार घेऊन आलेला मुलगा त्याच खोलीत, त्याच मित्रांत पडला तर महिना टिकत नाही. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठानं १९८८ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळं निवासस्थान केलं. आपल्याला इमारत परवडणार नाही, पण खोली बदलून देणं, एक सत्र बुडालं तर ते भरून काढायची सोय, आणि त्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये न कुजबुजणं, हे परवडतं.

बायसच्या आई लोनीस बायस मुलाच्या मृत्यूनंतर देशभर शाळा-महाविद्यालयांत बोलत फिरल्या. १९९० च्या डिसेंबरात त्यांचा 'जे' नावाचा धाकटा मुलगा, वीस वर्षांचा, एका मॉलच्या आवारात गोळी लागून गेला. त्यानंतरही त्या बोलतच राहिल्या.

आमच्या समितीची बैठक गेल्या महिन्यात झाली. चाचण्यांचा ठराव मागे पडला, पुन्हा येईल असं दिसतं. हजेरीच्या भेटींचं मान्य झालं. मदत बोलावणाऱ्याबद्दलचा नियम लिहायला माझ्याकडे दिला होता, तो दोन ओळींत लिहिला: "कुणाची प्रकृती बिघडल्यावर जो विद्यार्थी मदत बोलावेल, त्याच्यावर आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावर सेवनाच्या कारणानं वसतिगृहाकडून किंवा महाविद्यालयाकडून कोणतीही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. दोघांनी आठ दिवसांच्या आत समुपदेशकाला भेटावं." खाली तीन क्रमांक: रुग्णवाहिका १०८, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मन अस्वस्थ असेल तर टेलिमानस १४४१६.

एका सदस्यांनी विचारलं, यानं आपण मुलांना मोकळीक देतोय असं पालकांना वाटणार नाही का. त्यांना मी वॉशिंग्टन हॉलची ती सकाळ सांगितली, आणि मग त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा प्रश्न. नियम सत्र सुरू होण्याआधी मंजूर झाला तर प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायचा, असं ठरलं आहे. बाहेरच्या बाजूला लावला तर रात्री तीनला तो कुणी वाचणार नाही.